मदत हवी आहे: काळ्या जमिनीवर खो-खोचं मैदान

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त डिसेंबरात वडोदऱ्यात दिवस-रात्र खो-खो सामने आहेत. २७ × १६ मीटरचं एकच मैदान, जागा बदलणं शक्य नाही, मॅट बजेटबाहेर.

जमीन काळी: सुकली की भेगा, भिजली की बुटाला चिकटते. वर चाळलेल्या लाल मातीचा दोन इंची थर देऊन, पाणी मारून रोलर फिरवला. मधली पाटी (दोन खांबांमधला लांब पट्टा) उत्तम बसली. खांबांपाशी मात्र, जिथे धावणारा जोरात वळतो, तिथे पापुद्रे सुटतात. खांब काँक्रीटमध्ये पक्के आहेत, तो प्रश्न नाही. रात्री दवाने फक्की पसरते, म्हणून रेषांना सुतळी ठोकणार.

खांबांभोवतीच उकरून काळ्या मातीत रेती मिसळली तर दोन्ही थर धरतील, की सगळंच मैदान उकरावं लागेल? रेतीचं प्रमाण किती, आणि शेवटचं पाणी सामन्याच्या किती तास आधी मारायचं?