पत्रिकांचा सीझन आणि सुन्न पडणारी बोटं: उभा माऊस घेऊ की ट्रॅकबॉल?

प्रश्न – चाळीसगाव

नमस्कार. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं, सगळं काम कोरलड्रॉमध्ये. यंदा आखाजीच्या आधी महिनाभर रोज दहा-अकरा तास बसले, सणाला माहेरीसुद्धा गेले नाही. तेव्हापासून उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री सुन्न पडतं. हात झटकला की बरं वाटतं, पहाटे पुन्हा जाग येते. करंगळीला काही नाही. सकाळी भाकरी थापताना अंगठ्याच्या बुडाशी ओढ बसते.

डॉक्टरांनी कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याची, सुरुवात सांगितली, रात्री बांधायला पट्टा दिला आणि माऊस बदला म्हणाले. कोणता घ्यायचा ते मात्र कळलं नाही. सध्याचा माझा अगदी मुठीत मावेल एवढा आहे. जळगावला दुकानात गेले तर खोकी सीलबंद, हातात धरून बघायची सोय नाही. पैसे जपून घालायचे आहेत. रोज आठ-आठ तास वापरणाऱ्यांनी सांगा.

उत्तर – भुसावळ

ताई, मी चार वर्षं उभा माऊस वापरतोय. साधा माऊस धरताना हात पालथा राहतो, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडं एकमेकांवर आडवी येतात आणि तासन्‌तास तशीच राहतात. उभ्या माऊसवर हात शेकहँड करताना असतो तसा कडेवर टेकतो. लॉजिटेकचे एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट, दोघांचा कोन ५७ अंशांचा. हात लहान असेल तर लिफ्टच बघा. मोठा माऊस धरायला बोटं ताणावी लागली तर उपयोग नाही.

पहिले दहा-पंधरा दिवस नेम चुकतो, नोड (रेषेवरचे बारीक बिंदू) ओढताना तर फारच. बटण बाजूने दाबलं जातं, म्हणून क्लिक करताना माऊसच सरकतो. अंगठ्याने पलीकडून हलका आधार द्यायचा, हे मला महिन्याभराने उमगलं.

पण खरेदीच्या आधी टेबल बघा. तुमचा माऊस आकड्यांच्या कळांच्याही पलीकडे असणार, म्हणजे हात दिवसभर बाहेर ताणलेला. लोक आकड्यांच्या कळा नसलेला कीबोर्ड सुचवतात. आपल्याला ते परवडत नाही, जुन्या मराठी फाँटमध्ये काही जोडाक्षरांसाठी ऑल्ट धरून आकडे मारावेच लागतात. मी दोन माऊस लावलेत: बारीक कामाला उजवीकडे उभा, बाकी क्लिक आणि स्क्रोलला डावीकडे साधा. विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल केली तर ती दोन्ही माऊसना लागू होते, म्हणून ती करत नाही. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने क्लिक करतो. आठवड्यात सवय झाली.

उत्तर – धुळे

ट्रॅकबॉल म्हणजे जागचा न हलणारा माऊस, त्यावरचा गोळा फिरवला की बाण सरकतो. त्यातला अंगठ्याने फिरवायचा तुम्ही घेऊ नका. बुडाशी आधीच ओढ आहे, आणि त्यात सगळं काम अंगठाच करतो. मला आठ महिन्यांत तिथेच दुखायला लागलं. आता केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माऊस आहे: मधोमध मोठा गोळा, भोवती स्क्रोलची कडी. गोळा दोन-तीन बोटांनी फिरतो, मनगट जागचं हलत नाही. काउंटरवर कागदांचे गठ्ठे असले तरी जागा पुरते. उन्हाळ्यात मात्र गोळा अडखळतो. आत बारीक टेकू असतात, त्यांवर धूळ बसते. आठवड्यातून एकदा गोळा काढून पुसा.

उत्तर – नंदुरबार, फिजिओथेरपिस्ट

करंगळीची नस वेगळी, म्हणून ती सुटली. मनगट टेबलाच्या धारेवर टेकवू नका, हात कोपरापासून हलवा. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्हींमुळे हा त्रास वाढतो. हातातून वस्तू निसटायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसल्यासारखा दिसला, तर माऊसचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्नकर्ती – चाळीसगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या सोमवारी करते. आज घरातला जुना माऊस डावीकडे लावला. एरवी वीस मिनिटांत होणाऱ्या पत्रिकेला पन्नास मिनिटं लागली, गिऱ्हाईक समोर बसून होतं, पण उजवा हात दुपारभर मोकळा राहिला. भुसावळच्या दादा, रविवारी भाचीच्या बारशाला तुमच्या गावी येतेय. तुमचा उभा माऊस पाच मिनिटं हातात धरून बघता येईल का? दुकान कधी उघडं असतं ते निरोपात कळवा.