किनाऱ्यावरच्या गावात इमारती आल्या, पण तिथे राहणारी माणसं?

खाडीकाठचा मास्तर (मूळ सोलापूर, नोकरी दापोली तालुका)

माझं घर सोलापुरात आणि शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या मुखाशी असलेल्या एका मच्छीमार गावात. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो की सगळे विचारतात, तिकडे सोयी काय आहेत? उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं असं: आडबाजूच्या किनारी गावात आता सगळ्यात मोठी उणीव बांधकामांची राहिलेली नाही, ती राहणाऱ्या माणसांची आहे. आरोग्य उपकेंद्राला नवा रंग आहे, पण रात्री तिथे नर्स नसते. शाळेत टीव्ही आणि फरशी आहे, पण पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या आणि त्यातला एक महिन्यातून कितीतरी दिवस बैठकांना आणि माहिती भरायला गेलेला. विजेचे खांब आहेत, पण वायरमन एकच आणि त्याच्याकडे आजूबाजूच्या वाड्याही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. खांब मिळत होते, पण ते उभे करणारे हात कमी होते. बाहेरच्या जिल्ह्यांतून कर्मचारी आले तेव्हा काम हललं.

गावाचा दिवस पहाटे सुरू होतो. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी बोटीवर, बायका लिलावाला. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला गुडघेदुखी आहे, कंबरदुखी आहे, रक्त कमी आहे. हे ओळखायला मोठं हॉस्पिटल लागत नाही, रोज भेटणारी नर्स लागते. जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की होड्या शाकारतात (झाकून ठेवतात) आणि पुढचे दोन महिने हातात पैसा नसतो. नेमकं तेव्हाच साप, विंचू, ताप.

विंचवावरून सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना त्यांनी पाहिली, रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू त्यामुळे फार कमी झाले. त्या केंद्रात यंत्रं कुठली होती? घाटावरचा एक डॉक्टर तिथे थांबला होता, एवढंच.

म्हणून म्हणतो, पुढचा पैसा माणूस टिकवण्यावर खर्च करा. राहायला नीट घर, जास्तीचा भत्ता, ठरलेल्या मुदतीनंतर हमखास बदली. जेट्टीचं उद्घाटन दोन वर्षं थांबलं तरी चालेल.

चौथ्या दिवसाचं पाणी (सोलापूर शहर)

सर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही.

आमच्या शहरात लाखो लोक राहतात आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी त्याहून उशिरा. उजनीसारखं धरण आपल्याच जिल्ह्यात असून ही गत. सरकारकडे माणूस आणि पैसा दोन्ही मोजकेच असतील तर ते जास्त लोकवस्तीकडे आधी जायला हवेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. छोट्या गावात डॉक्टर बसवला आणि त्याला दिवसाकाठी आठ-दहा सर्दी-तापाचे पेशंट मिळाले, तर दोन वर्षांत त्याचा हात बसून जाईल. अवघड बाळंतपण त्याने महिनोन्‌महिने पाहिलेलंच नसेल, मग ते आलं की तोही पुढेच पाठवणार. त्यापेक्षा रस्ता चांगला करा, १०८ ची गाडी जवळ ठेवा आणि पेशंटला जिथे रोज शस्त्रक्रिया होतात तिथे न्या. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे. डॉक्टर गावोगाव वाटण्यापेक्षा गाड्या वाढवणं स्वस्त आणि जास्त उपयोगाचं.

खाडीकाठचा मास्तर

प्रत्येक वाडीला डॉक्टर द्या असं मी म्हटलेलं नाही. सरकारचाच निकष आहे: डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० ला एक उपकेंद्र. त्या उपकेंद्रात नेमलेली नर्स मुक्कामाला असावी, एवढंच मागणं आहे.

गाडीचा मुद्दा नकाशावर बरोबर दिसतो. आमच्याकडे नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारं गाव खाडीपलीकडे असतं, रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तोही बंद. गाडी येईपर्यंतचा एक तास पेशंटजवळ कोण असणार? रक्तस्राव होणाऱ्या बाईला पहिलं इंजेक्शन कोण देणार? तुमच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत ती जिवंत पोहोचायची असेल तर सुरुवात गावातच व्हावी लागते.

पाण्याचं म्हणाल तर दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापुरात साडेपाचशेच्या आसपास. तरी एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर. जांभ्या दगडातून पाणी झिरपून निघून जातं आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. म्हणजे तुमची आणि आमची तहान सारखीच आहे, त्यात भांडण नको.

मंगळवेढ्याची सून

गुरुजी, मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझे मिस्टर तिकडेच शिक्षक आहेत, समुद्राच्या कडेला. लग्न झाल्यापासून संसार दोन ठिकाणी. इथे सासू-सासरे, शेती, लहान मूल. ते पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट करत चिपळूणला उतरतात आणि तिथून पुन्हा एसटी. सणाला आले तरी अर्धी सुट्टी रस्त्यात जाते. सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजारच्या पोराने गाडी काढली.

आंतरजिल्हा बदली मागणाऱ्या शिक्षकाला लोक स्वार्थी म्हणतात. २०२३ मध्ये बदल्या झाल्या तेव्हाही तेच ऐकलं. शाळा ओस पडल्या, तर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर बोलावलं. त्याचा दोष बदली घेणाऱ्यांच्या माथी का? भरती वेळेवर झाली नाही, त्याचं काय? तिथल्या मुलांना शिक्षक हवा हे मान्य. पण माझ्या मुलाला बाप नको का? "माणूस टिकवा" म्हणताना तो माणूस कुणाच्या घरातून नेलाय तेही लिहा.

त्या त्या जिल्ह्यातली मुलं-मुली त्याच जिल्ह्यात नेमा. कोळीवाड्यातली डी.एड. झालेली मुलगी तिच्याच गावात शिकवेल तर तिला भत्ता द्यायचीसुद्धा गरज नाही.

बंदरावरचा (मूळ हर्णै परिसर, दापोली तालुका, सध्या सोलापुरात नोकरी)

ताईंचं शेवटचं वाक्य सोडून बाकी मान्य. भत्ता तिलाही द्या, ती स्थानिक आहे म्हणून तिचा पगार कमी का?

पण मास्तर, माझा तुमच्याशी मूळ मुद्द्यावर मतभेद आहे. जेट्टी दोन वर्षं थांबली तरी चालेल हे वाक्य पगारदार माणूसच लिहू शकतो. हर्णैला बोटी खोल पाण्यात थांबतात. मासळी छोट्या होडीत, तिथून बैलगाडीत, मग वाळूवर लिलाव. पिढ्यान्‌पिढ्या हेच. प्रत्येक चढ-उतारात वेळ जातो, बर्फ वितळतो आणि पापलेटचा भाव पडतो. जेट्टी, बर्फाचा कारखाना, शीतगृह, लिलावाला शेड आणि बायकांसाठी शौचालय, मच्छीमाराच्या दृष्टीने सोयी म्हणजे या. घरात पैसा आला तर तो पोराला दापोलीत ठेवून शिकवतो, आईला खासगी दवाखान्यात नेतो. पैसाच नसेल तर नर्स मुक्कामाला राहूनही पोरगं मुंबईला जाणारच.

पैसा का नाही, तेही बोला. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांनी मासळी ओढून करायच्या मासेमारीवर बंदी घातली. पर्ससीन, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, २०२१ मध्ये दंड वाढवला. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. लहान मासळीसकट सगळं उचललं जातं आणि आमची छोटी होडी डिझेल जाळून रिकामी येते. एप्रिल २०२५ मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, चांगलं झालं. पण समुद्रात मासाच राहिला नाही तर त्या दर्जावर कर्ज काढून करायचं काय? आधी मासळी वाचवा.

उजनीकाठ (करमाळा)

तुम्ही सगळे कोकणाचं बोलताय म्हणून लिहितो. मच्छीमार गाव आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आहे. १९८० ला उजनी झालं, गावं उठली, आणि ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर आमच्या भोई लोकांनी जाळी टाकली. मासळी भिगवणच्या बाजारात जाते.

मास्तर, बांधकाम थांबवा म्हणू नका. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. समोर इंदापूर तालुका दिसतोय, पण रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा. म्हणून लोक बोटीत बसतात. तिथे माणूस टिकवून काय झालं असतं? पूल हवा होता.

खाडीकाठचा मास्तर

कुगावबद्दल वाद घालणार नाही. जिथे पूल नसल्याने जीव जातो तिथे पूल पहिला. पण त्याच घटनेत मला दुसरंही दिसतं. वारा सुटलाय, आता बोट सोडू नका, असं सांगायला काठावर कुणी नेमलेलं असतं, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट आहे का बघणारं कुणी असतं, तर? पूल व्हायला वर्षं लागतात, तोवर लोक पाणी ओलांडणारच आहेत.

बंदरावरच्या भावाला सांगतो, एलईडीची बंदी हे माझ्याच मुद्द्याचं उदाहरण आहे. कायदा झाला, गस्त घालणारे पुरेसे नाहीत. जेट्टीबद्दल मात्र तुमचं-माझं जमणार नाही. बंदरात पैसा असूनही शाळा एका शिक्षकावर चाललेली गावं मी पाहिलीत.

रविवारची भटकंती (सोलापूर)

पर्यटनाचं कुणी बोललं नाही. आमच्यासारखे लोक होमस्टेला जातात, त्यातून रस्ते, नेटवर्क, हॉटेलं येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सवामुळे घराघरात पाहुणे राहायला लागले. गावाने स्वतः कमवावं, सोयी मागोमाग येतात.

बंदरावरचा

वेळासचं काम चांगलंच आहे, ते तिथल्या लोकांनी कासवाची अंडी राखून उभं केलं. पण पाहुणे येतात ते बरेचसे उन्हाळ्यात, म्हणजे विहीर तळाला गेलेली असताना. पाहुण्याची अंघोळ आणि शेजारणीचा हंडा एकाच पाण्यावर. आणि पाहुणा रविवारी संध्याकाळी निघून जातो, त्याच्यासाठी कुणी दवाखाना काढत नाही.

मंगळवेढ्याची सून

गुरुजी, तुम्ही वर "राहायला नीट घर" म्हणालात. मिस्टर ज्या गावात आहेत तिथे कर्मचाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधून तयार आहेत, पण नळ नाही म्हणून कुलूप आहे. ते मासळी सुकवायच्या एका खळ्याशेजारी भाड्याने राहतात, सुकटीच्या वासात, आणि घरमालकीण त्यांना रोज ताटभर कालवण देते. मुलाला घेऊन मी तिकडे जायला तयार आहे, एक वर्ष, दोन वर्षं. त्या खोल्यांना पाणी जोडायचं काम ग्रामपंचायतीचं की जिल्हा परिषदेचं, आणि अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

बंदरावरचा

ताई, नळजोडणी ग्रामपंचायतीकडे मागा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. खोल्या जिल्हा परिषदेच्या असतील तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना एक प्रत. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. घरमालकीणबाईंना पुढे करा, त्या बोलल्या तर अख्खा कोळीवाडा उभा राहील.