मोटर ड्रायव्हरला ‘चालक’ म्हणावे का? आणि पॉवर सप्लायला ‘वीजपुरवठा’?

भांडुपचा_हौशी

माझा मावसभाऊ सावंतवाडीला लाकूडकाम करतो. लाकडावर नक्षी कोरायला त्याला छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारे यंत्र, हवे होते. मी स्वतः भांडुपला घरातल्या घरात एक बांधले आहे. म्हणून त्याच्यासाठी बारा पानी मराठी टिपण लिहिले: कुठली मोटर, कुठला ड्रायव्हर (मोटर फिरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी), किती व्होल्टचा पॉवर सप्लाय (घरच्या विजेतून त्या डबीला लागणारे कमी व्होल्ट देणारा डबा). मराठीतच लिहायचे म्हणून ड्रायव्हरला ‘चालक’ लिहिले आणि पॉवर सप्लायला ‘वीजपुरवठा’.

त्यातून काय झाले ते ऐका. मी लिहिले होते, ‘वीजपुरवठा ४२ व्होल्टच्या आत ठेवावा.’ त्याचा फोन आला, “आमच्याकडे रात्री १८० पर्यंत उतरतो, पण ४२ कसा करू?” पुढे लिहिले होते, ‘मोटरची तार काढण्याआधी वीजपुरवठा बंद करावा.’ तो दर वेळी घराचा मेन स्विच पाडत होता आणि मावशीचा फ्रिज बंद पडत होता. तिसरे वाक्य होते, ‘चालकाजवळ पंखा असावा.’ चालक म्हणजे मशीन चालवणारा, असे समजून त्याने टेबलफॅन आपल्या स्टुलाशेजारी ठेवला. ड्रायव्हर बंद पेटीत तापून बंद पडत राहिला.

तो हुशार आहे. चूक माझ्या शब्दांची आहे. तर या दोन वस्तूंना मराठीत काय म्हणावे?

शब्दनिष्ठ

‘चालक’ हा शब्द चुकीचा नाही, तुम्ही तो एकटा सोडलात. ‘मोटरचालक’ असे जोडून लिहायला हवे होते. ‘वीजपुरवठा’ऐवजी ‘वीजपुरवठा संच’ लिहा. विशेषण जोडले की संदिग्धता जाते. पहिल्या अडचणीला इंग्रजीकडे धावण्याची सवय आपल्याला सोडायला हवी. महापौर, दिनांक हे शब्दही आले तेव्हा लोकांना जडच वाटले होते.

माहीम_ते_म्युझियम

‘मोटरचालक’ म्हटल्यावर मुंबईत कोणाच्याही डोळ्यांपुढे लायसन्स घेतलेला माणूस येणार. गाडी ती ‘मोटार’ आणि पाणी उपसते ती ‘मोटर’, हा फरक कागदावर चालतो, पण बोलताना तो कितीजण पाळतात?

आणि गंमत बघा, तुमचे दोन्ही शब्द या शहरात एकाच पाटीवर आहेत. बेस्टचे मराठी नाव वाचा: बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम. त्यातला पुरवठा माझ्या माहीमच्या घरी येतो आणि त्यांच्याच बसवर चालक असतो. माणसाने हे शब्द लहानपणापासून याच अर्थाने ऐकले आहेत. मग टिपण वाचताना तो दुसरा अर्थ कुठून आणणार?

अर्धवाहक

बसवरूनच पुढे जातो. मराठीत बसचा कंडक्टर ‘वाहक’ आणि विजेचा कंडक्टरही ‘वाहक’. तांबे सुवाहक, सिलिकॉन अर्धवाहक. हिंदीत मात्र विजेच्या कंडक्टरला ‘चालक’ म्हणतात, सेमीकंडक्टरला ‘अर्धचालक’. माझी मुलगी हिंदी माध्यमाच्या मैत्रिणीबरोबर अभ्यास करते. ‘चालक म्हणजे तांब्याची तार’ असे ती मला ठासून सांगत होती आणि मी तिला चूक ठरवले. नंतर मैत्रिणीचे पुस्तक पाहून माफी मागितली. मुंबईत हिंदी आणि मराठी पुस्तके एकाच टेबलावर असतात. तिथे ‘चालक’ हा शब्द ड्रायव्हरला दिला तर त्याचे तीन अर्थ होतात: बसवाला, तांबे आणि तुमची डबी.

निवृत्त_फिटर

मी लालबागला मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, ८२ च्या संपानंतर ठाण्याला कारखान्यात. आमच्याकडे “ड्रायव्हर दे” म्हटले की पोऱ्या स्क्रू ड्रायव्हरच आणून हातात ठेवायचा. त्यामुळे नुसता ‘ड्रायव्हर’ही सुटसुटीत आहे असे समजू नका. गुजराती मिस्त्री त्यालाच ‘डिसमिस’ म्हणत आणि त्यांच्या संगतीने आम्हीही म्हणू लागलो. माझ्या घरात अजून डिसमिसच आहे, नातवंडेही तेच म्हणतात.

मळसूत्र

काका, ‘डिसमिस’ मीही ऐकला आहे, गिरगावात. पण पेच फिरवणाऱ्या हत्याराला मराठीत आपला शब्द का रुजला नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. पेच फारसीतून आला. मूळ अर्थ पीळ, वळसा. म्हणून तर आपण ‘पेचात पडतो’. त्याच्या आट्यांना आपला ‘मळसूत्र’ होता, मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत तो नोंदलेला आहे. आज सीएनसीच्या लीडस्क्रूला, म्हणजे फिरून हत्यार सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याला, ‘मळसूत्री दांडा’ म्हटले तर एकही मराठी माणूस अडणार नाही.

शब्दनिष्ठ

अगदी हेच म्हणतो आहे. शब्द असतात, आपण वापरत नाही.

ग्रँटरोडवाली

मी बावीस वर्षे लॅमिंग्टन रोडला काउंटरवर उभी आहे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, ते नाव मला ठाऊक आहे आणि त्याचा आदरही आहे. पण गिऱ्हाईक येते ते लॅमिंग्टनलाच.

आमच्याकडे ‘पॉवर सप्लाय’ही फार कमी ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणते, “चोवीस-दहाचा एसएमपीएस द्या” किंवा “छत्तीस-दहा आहे का?” म्हणजे २४ व्होल्ट १० अँपिअर, ३६ व्होल्ट १० अँपिअर. एसएमपीएस हा पॉवर सप्लायचाच एक प्रकार. पन्नाशीच्या पुढची माणसे अजून ‘एलिमिनेटर’ मागतात, कारण शाळेच्या प्रयोगशाळेत बॅटरी एलिमिनेटर असायचा. बॅटरीची गरज काढून टाकतो तो एलिमिनेटर. एकेकाळी खेड्यातल्या रेडिओवाल्यालाही तो शब्द कळत होता, तोही इंग्रजीच.

हौशीदादा, शब्द काहीही लिहा, पण आकडे जोडीने लिहा. माझ्याकडे रोज कोणीतरी टीबी ६६०० ड्रायव्हर घेऊन जातो आणि वर ४८ व्होल्टचा सप्लाय मागतो, जास्त म्हणजे चांगला म्हणून. डबीवर ९ ते ४२ छापलेले असते. ४८ लावला की डबी गेलीच म्हणून समजा. ४८ च लावायचा असेल तर २० ते ५० चालणारा डीएम ५४२ घ्यावा. तोही अगदी काठावर बसतो, म्हणून मी तिथेही ३६ च सुचवते. आणि एसएमपीएसच्या बाजूला ११०/२२० चा खटका असेल तर तो आधी २२० वर आहे ना ते पाहावे.

भांडुपचा_हौशी

ताई, धन्यवाद. त्याच्याकडे टीबी ६६००, नेमा २३ मापाची स्टेपर (पावलापावलाने फिरणारी) मोटर आणि ३६ चा सप्लाय, असेच ठरले आहे. अजून एक अडचण. मोटरच्या कागदावर ३ व्होल्ट लिहिलेले आहे. त्याने विचारले, “३ ची मोटर ३६ ला लावली तर जळणार नाही का?” मला मराठीत नीट सांगता आले नाही. व्होल्टेजला ‘विभवांतर’ लिहिले तर तो कागद मिटून ठेवील.

अर्धवाहक

‘दाब’ लिहा. महावितरण आपल्या कागदांत लघुदाब वाहिनी, उच्चदाब वाहिनी असेच लिहिते. ‘विभवांतर’ शाळेच्या पुस्तकात बरोबर आहे, कारण तिथे दोन बिंदूंतला फरक शिकवायचा असतो. हाताने काम करणाऱ्याला ‘दाब’ लगेच कळतो, नळाचे पाणी त्याने पाहिलेले असते.

मग असे सांगता येईल: मोटरच्या आत तारेची वेटोळी आहेत आणि वेटोळ्यात करंट एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो. दाब जास्त असेल तर तो लवकर चढतो. मोटर भरभर फिरत असताना प्रत्येक पावलाला वेळ थोडा मिळतो, म्हणून दाब जास्त लागतो. कमी दाबावर ती हळू चालेल, वेग वाढवला की जोर सोडेल आणि पाऊल खाईल, म्हणजे एखादे पाऊल टाकायचे राहून जाईल. मग ३६ ला जळत का नाही? कारण ड्रायव्हर करंट मोजत बसलेला असतो. ठरवलेल्या आकड्याला पोचला की तोडतो, उतरला की पुन्हा जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. हा आकडा डबीवरच्या छोट्या खटक्यांनी ठरवायचा, मोटरच्या कागदावरचा करंट पाहून.

मळसूत्र

‘पाऊल खाणे’ फार सुंदर! गिअर दात खातो, तशी मोटर पाऊल खाते. असा शब्द कोणत्याही समितीला सुचला नसता.

शब्दनिष्ठ

समितीवर घसरण्याचे कारण नाही. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवते आहे. त्यातला ‘रोहित्र’ (ट्रान्सफॉर्मर) आज प्रत्येक वर्तमानपत्रात छापून येतो.

माहीम_ते_म्युझियम

छापून येतो, पण माझ्या सासुरवाडीला, जतजवळ, गावात कोणी रोहित्र म्हणत नाही. “डीपी जळाली” म्हणतात. बातमी येते ‘रोहित्र जळाल्याने पिके धोक्यात’ आणि ती वाचणारा शेतकरी शेजाऱ्याला सांगतो, “आपली डीपी पेपरात आली.” शब्द छापला म्हणजे तो तोंडात आला असे नाही.

शब्दनिष्ठ

पण त्या शेतकऱ्याला बातमीतला रोहित्र कळला ना? बोलायचा एक आणि वाचायचा एक, असे दोन शब्द माणूस सहज सांभाळतो. माझ्या आईला ‘डीपी’ही ठाऊक होता आणि ‘रोहित्र’ही. वाचायचा शब्द मराठीत उरलाच नाही, तर वीस वर्षांनी असे टिपण मराठीत लिहिताच येणार नाही. नुसती क्रियापदे आपली राहतील. मला ती भीती खरोखर वाटते.

निवृत्त_फिटर

शब्दनिष्ठ, तुमचे हे म्हणणे मला पटते. मिलमध्ये लूमला आम्ही ‘साचा’ म्हणायचो, विणायच्या विभागाला ‘साचा खातं’. ते शब्द कामगारांनीच ठेवले होते आणि आता मिलबरोबर गेले. माझ्या मुलाला साचा म्हणजे मूर्तीचा साचाच ठाऊक आहे.

पावकी_निमकी

स्टेपर मोटरचा विषय निघाला आहे तर एक सांगतो. नेमा २३ सारख्या बहुतेक मोटरींचे एक पाऊल १.८ अंशांचे असते, म्हणजे एका फेऱ्याला २०० पावले. ड्रायव्हर त्या पावलाचे आणखी तुकडे करतो: १/२, १/४, १/८, १/१६. इंग्रजीत याला मायक्रोस्टेप म्हणतात, मराठीत कोणी ‘सूक्ष्मपद’ लिहिलेले मी पाहिले आहे. पण हे तुकडे आपल्या आजीच्या मापात जसेच्या तसे आहेत! अर्धा शेर म्हणजे अच्छेर, पाव म्हणजे पावशेर, त्याच्या निम्मे नवटाक, त्याच्या निम्मे छटाक. शेराचा सोळावा भाग तो छटाक. मग १/१६ ला ‘छटाक पाऊल’ म्हणा. २०० गुणिले १६, एका फेऱ्याला ३२०० छटाक पावले. फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकवणारा दांडा असेल तर मिलिमीटरला ६४०. मी माझ्या वहीत असेच लिहितो.

ग्रँटरोडवाली

काउंटरवर कोणी “नवटाक” मागितला तर शेजारचे दुकानदार वळून बघतील. मुंबईत त्या शब्दाचा वास वेगळा आहे.

पावकी_निमकी

तो वास दारूच्या गुत्त्याने लावला. माप त्याच्या आधीचे आहे. माझी आजी नवटाक तेल आणायला पाठवायची.

अर्धवाहक

कल्पना आवडली, पण शेर जाऊन साठ वर्षे झाली. आजच्या पंचविशीतल्या मुलाला छटाक म्हणजे सोळावा भाग हे आधी शिकवायचे आणि मग मायक्रोस्टेप. ‘पाव पाऊल’पर्यंत ठीक आहे, त्याखाली आकडाच लिहावा.

मळसूत्र

मला ‘पुरवठा’ या शब्दाकडे जायचे आहे, तो फुकट टाकला जातो आहे. पुरणे, पुरवणे, पुरवठा. जे पुरते ते पुरवतो तो पुरवठा. सप्लाय घेताना प्रश्न हाच असतो ना, पुरेल का? मराठी शब्दातच तो आहे. म्हणून मी ‘पुरवठा डबा’ सुचवतो. ‘वीज’ काढून टाकली की महावितरण डोक्यात येत नाही.

ग्रँटरोडवाली

पुरण्याचेच गणित लोक चुकतात. २.८ अँपिअरच्या तीन मोटरी, म्हणून ८.४ लागणारच, असे धरतात. ड्रायव्हर तोड-जोड करून चालतो, म्हणून सप्लायमधून तेवढा ओढला जात नाही. दोन तृतीयांश धरायची वहिवाट आहे, म्हणजे साडेपाचच्या आसपास. छत्तीस-दहा आरामात पुरतो.

निवृत्त_फिटर

एसएमपीएसपेक्षा मला जुना ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज आणि वीज साठवणारा मोठा कपॅसिटर बरा वाटतो. जड गॅन्ट्री (हत्यार धरून सरकणारी चौकट) एकदम थांबली की मोटर उलटी वीज परत ढकलते. एसएमपीएस कधी कधी त्यानेच ट्रिप होतो, मोठा कपॅसिटर ती पोटात घेतो. फक्त २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे २४ मिळतील असे धरू नका. कपॅसिटरवर ३४ च्या आसपास चढतात, आणि मेन बंद केला तरी ते काही वेळ तिथेच बसून असतात. हौशी, तुमच्या ‘बंद करावा’ या वाक्यात हे नक्की घाला. आणि पुरवठा चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जागच्या जागी जातो. हे मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लाल शाईने लिहा.

शब्दनिष्ठ

‘रोहित्र, एकदिशकारक आणि धारित्र’ असे लिहिले तर काय बिघडेल? एकदा कंसात, मग सरसकट.

माहीम_ते_म्युझियम

काकांचा तो परिच्छेद मी एका दमात वाचला. तुमच्या शब्दांत तो वाचला असता तर तीन वेळा थांबलो असतो, आणि धोक्याची सूचना वाचताना थांबणे बरे नाही.

शब्दनिष्ठ

धोक्याच्या सूचनेपुरते मान्य. बाकी अकरा पानांना ते लागू होत नाही.

भांडुपचा_हौशी

सर्वांचे आभार. काल रात्री मावसभावाशी बोललो. त्याने माझी वाट न बघता ब्रशने सगळ्या डब्यांवर रंगवून टाकले आहे. सप्लायवर ‘थोरलो डबो’, ड्रायव्हरवर ‘धाकटो डबो – १’, ‘२’ आणि ‘३’. पंखा आता धाकट्यांवर आहे. टिपणात मी अजून काही बदललेले नाही. पान चारवर ‘चालक’ खोडून मोकळी जागा ठेवली आहे.

कुडाळकर_सध्या_डोंबिवली

‘थोरलो’ डब्याला? आमच्याकडे थोरलो भाऊ, थोरलो काका. वस्तू असेल तर ‘मोठो’.

मळसूत्र

थोरला वाडा, थोरली विहीर हे तर देशावर सगळीकडे आहे.

कुडाळकर_सध्या_डोंबिवली

देशावर असेल. वाडा घराण्याचा असतो, म्हणून त्याला माणसाचा मान. डब्याला कसा? आईला विचारून सांगतो.