इंजिन गेलेली जुनी गाडी वाचवू की सोडून देऊ?

बाबांची २० वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, चढावर गरम झाली आणि मी काटा बघितलाच नाही, तशीच पुढे दामटली. आता सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहासारखा फेस. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. मन तयार होत नाहीये सोडायला, काय करू?

उत्तर १:
दादा आधी ती स्टार्ट करणं बंद कर! हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय बहुतेक, पाणी ऑइलमध्ये मिसळतंय आणि तशीच चालवली तर क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंगं खाणार. खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते बघायची) करून घे, शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्यामध्येच फाटलं असण्याची शक्यता जास्त. हेड वाकलं असेल तर फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) बसतं, पण ब्लॉकला तडा असेल तर मग दुसरं इंजिनच बघावं लागेल.

उत्तर २:
इंजिनचं होईल रे, तू खालून पत्रा बघ. माझी अशीच होती, इंजिन मस्त बांधून घेतलं आणि सहा महिन्यांत चासीला गंजून भोक, सगळी मेहनत वाया गेली, अजून वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता:
खाली झोपून बघितलं, पत्रा ठणठणीत आहे. उद्या टेस्ट करतो.