फोटो लहान करायला काळी खिडकी कशाला?

पेठकर: काल एकाने विचारलं, पालखीचे सहाशे फोटो व्हॉट्सअ‍ॅपसाठी लहान कसे करू? लगेच चौघांनी इमेजमॅजिकच्या, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून फोटो बदलणाऱ्या प्रोग्रामच्या, कमांडी दिल्या. हा पांडित्याचा दिखावा आहे. फोटो हे डोळ्यांनी बघून, माउसने करायचं काम. साध्या माणसाला घाबरवू नका.

रात्रपाळी: त्या चौघांतला एक मी, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या ढोलपथकाचे ११०० फोटो मी माउसने लहान करायला बसलो होतो. दोन संध्याकाळी गेल्या, दीडशेही झाले नाहीत आणि मनगट धरलं. मग इमेजमॅजिकच्या मॉग्रिफाय या आज्ञेला १६०० बाय १६०० चं माप दिलं, पुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, म्हणजे आधीच लहान असलेले फोटो उगाच ताणले जात नाहीत. एका ओळीत काम संपलं. डोळे लागतात ते फोटो निवडताना. सहाशे वेळा ‘सेव्ह अ‍ॅज’ दाबायला कसली नजर लागते?

कर्वेनगरची: आणि मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, हे कोण सांगणार? आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी असेच ८०० पिक्सेलचे करून बसले. दुसरी प्रत नव्हती. आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक धड मोठा फोटो मिळाला नाही. आधी वेगळं फोल्डर करा, कमांडीत ‘पाथ’ या पर्यायाने त्याचं नाव द्या, मगच एंटर दाबा.

रात्रपाळी: ताई, हे मी कालच लिहायला हवं होतं. चुकलं.

पेठकर: बघा! माउसने असं झालं नसतं.

कर्वेनगरची: माउसने ‘सेव्ह’ दाबलं तरी मूळ फोटो जातोच, काका. माझ्या आजीचं नाव पुढे करून जिंकू नका.

विंडोजवाला: कोणी इमेजमॅजिकची जुनी ‘कन्व्हर्ट’ आज्ञा सांगू नका. विंडोजमध्ये त्या नावाची वेगळीच आज्ञा आहे, ती डिस्कची फाइल सिस्टीम बदलते. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून ‘मॅजिक’ (magick) लिहायचं.

जुळारी: मराठीचं काय ते बोला. फोटोवर ‘विठ्ठल’ टाकलं तर वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली, आणि ठ्ठ फुटून एक पाय मोडलेला ठ, एक आख्खा ठ. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. असं प्रूफ त्यांनी मशीनवर चढूच दिलं नसतं.

रात्रपाळी: ‘अ‍ॅनोटेट’ ही मजकूर लिहायची आज्ञा वापरलीत ना? तुमच्या इमेजमॅजिकच्या प्रतीत रॅक्म हे अक्षरं जुळवणारं साधन जोडलेलं नसेल, तर जोडाक्षरं जुळत नाहीत. मजकूर पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या दुसऱ्या साधनातून द्या.

जुळारी: म्हणजे स्वतःची भाषा लिहायला आधी रॅक्म आणि पँगो पाठ करायचं? इंग्रजीवाल्याला करावं लागतं का? विठ्ठलाचं नाव मोडकं उमटतं आणि दोष माझ्या प्रतीचा!

पेठकर: हेच मी म्हणत होतो.

रात्रपाळी: तुम्ही हे म्हणत नव्हता. माउसच्या जुन्या प्रोग्रामांतही युनिकोड मराठी अशीच फुटायची. डीटीपीवाले जुन्या फॉन्टना उगाच चिकटून राहिले नाहीत.

पेठकर: बरं, सहाशे फोटोंना कमांड लागते, मानलं. दहा फोटोंसाठी मी माउस सोडणार नाही.

जुळारी: पँगोने करून पाहिलं. ठ्ठ जुळला, वेलांटी जागेवर आली. हे पहिल्याच उत्तरात का नव्हतं?