ग्रामसभेत विधवा प्रथांविरुद्ध ठराव मांडायचा आहे, तयारी कशी करावी?

अबोली_फोंडा
गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. नवरा गेला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं आणि पुढे जन्मभर हळदीकुंकवाला न बोलावणं, हे इथे अजून चालतं. ते बंद व्हावं असा ठराव ग्रामसभेत आणायचा आहे. माझी राजकीय मतं पुरोगामी आहेत हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे मी तोंड उघडलं की विषय बाजूला राहून माझ्याच मतांवर भांडण सुरू होणार. अर्ज कोणाला आणि कधी द्यायचा? सभेत काय बिघडू शकतं? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिवीगाळ झाली तर काय करायचं?

कुळागर
आधी मतदार यादी बघा. पंचायत क्षेत्राच्या यादीत नाव असेल तरच तुम्ही ग्रामसभेच्या सदस्य. लग्न होऊन आलेल्या बऱ्याच बायकांचं नाव माहेरच्या यादीत राहिलेलं असतं आणि विरोधक नेमकं तेच काढून गप्प बसवतात. नाव हलवायला फॉर्म 8 भरावा लागतो. सह्या करणाऱ्या सगळ्यांचीच नावं तपासून घ्या.

वेळेचं असं: आपल्याकडे सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी होतात. खास सभा 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबर यांच्या पुढच्या रविवारी. हळदीकुंकवं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतात, म्हणून ठराव ऑक्टोबरात आणा. तिथे लांबणीवर पडलाच तर डिसेंबरची सभा हाताशी राहते. जानेवारीत आणलात तर एक अख्खं वर्ष वाया गेलं.

अर्ज सरपंचांच्या नावे, सचिवांकडे, महिनाभर आधी, दोन प्रतींत. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. 'सभेत तोंडी मांडा, घेऊ' असं सांगतील. ते मानू नका. तोंडी विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी जातो, तोवर रस्ते-गटार-कचऱ्यावर दुपार होते आणि बायका स्वयंपाकाला घरी परततात.

मांडवीकाठ
सूचक, म्हणजे ठराव मांडणारी, तुम्ही होऊ नका. लपायचं म्हणून हे सांगत नाही. हा प्रश्न जिच्या घरचा आहे तिच्या तोंडून आला की 'हिची मतं अशीच' हे वाक्य कोणाला वापरता येत नाही. गावातली एखादी विधवा बाई तयार असेल तर ती सूचक, आणि दुसऱ्या वाड्यावरचा वयस्क पुरुष अनुमोदक. सह्या पंधरा-वीस पुरेत, पण प्रत्येक वाड्यावरच्या हव्यात. अंगणवाडी सेविका आणि स्वयंसहाय्य गटाच्या अध्यक्ष यांना आधी घरी जाऊन भेटा. पंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे कुठल्याही पंचाला पाठिंबा देताना पक्ष आडवा येत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

मजकुरात 'अंधश्रद्धा', 'मागासलेले' असे शब्द नकोत. दंडही घालू नका. पंचायतीला तो अधिकार नाही आणि त्या एका ओळीवर सगळा ठराव बेकायदा म्हणून उडवतील. साधारण असं लिहा:

'पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे हे तिच्या इच्छेविरुद्ध करू नये, असे आवाहन ही ग्रामसभा करते. पंचायतीच्या निधीतून किंवा सभागृहात होणाऱ्या हळदीकुंकू व इतर कार्यक्रमांत सर्व स्त्रियांना समान मान दिला जाईल.'

पहिलं वाक्य आवाहन आहे, दुसरं पंचायतीच्या हातातलं आहे. दुसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते पाळलं की नाही हे पुढच्या सभेत विचारता येतं. नमुना म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावचा मे 2022चा ठराव जोडा. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं होतं.

सातेरीचो_मांड
देवळाचा उल्लेख ठरावात नको. देवस्थानांना 1933ची पोर्तुगीज काळातली नियमावली लागू आहे, कारभार महाजनांकडे, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांकडे, प्रशासक मामलेदार. पंचायतीचा तिथे संबंध येत नाही. देऊळ घातलंत तर महाजन मंडळी झाडून सभेला येतील आणि ठराव पडेल.

मांडवीकाठ
ठरावापुरतं मान्य. पण ओटी आणि देवळातला मान वगळला तर बाईच्या दृष्टीने अर्धाच प्रश्न सुटला. महाजन समितीला स्वतंत्र पत्र द्यायलाच हवं, फक्त ठराव इतिवृत्तात आल्यावर.

नोटरीबाय
शिवीगाळीबद्दल. ग्रुप सोडू नका आणि उलट उत्तर देऊ नका. स्क्रीनशॉटमध्ये नाव नव्हे तर नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. शिवाय चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण मेसेज नंतर पुसले जातात. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 351, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारं बोलणं असेल तर कलम 79, अश्लील मजकूर पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तातडीला 112, महिलांसाठी 181. घराला वाळीत टाकण्याची भाषा झाली तर लक्षात ठेवा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016चा कायदा महाराष्ट्राचा आहे, गोव्यात तो लागू नाही. इथे धमकी किंवा अडवणूक यांच्या कलमांखालीच जावं लागतं.

एक आणखी. ठरावाने विधवांना मिळणारे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे बंद होतील अशी अफवा उठू शकते. दोन्हींचा काही संबंध नाही, हे सभेआधीच विधवा बायकांना सांगा, नाहीतर त्याच विरोधात हात वर करतील. आणि जमलं तर याच भेटीत हेही सांगा की लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने दांपत्याच्या मालमत्तेतला अर्धा वाटा तिचा स्वतःचाच असतो, तो वारशाने मिळावा लागत नाही. दिराने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी तिने वकिलाला दाखवावं.

कुळागर
सभेत मतदान झालं तर हात मोजून आकडा मोठ्याने वाचायला लावा आणि सचिवांनी तो तिथेच लिहिला का ते बघा. ठराव बहुधा इथेच हरवतो: सभेत 'मंजूर' म्हणतात आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच येतं. आठवडाभरात प्रमाणित प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पुढच्या सभेत आधीचं इतिवृत्त वाचतात तेव्हा सूचक आणि अनुमोदक दोघंही हजर हवेत. चूक असेल तर ते कायम होण्याआधीच हरकत नोंदवावी लागते.