डिक मॅकटॅगर्ट: हौशीच राहिलेला विजेता

1956च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकून पुढे व्यावसायिक झालेला ब्रिटिश बॉक्सर टेरी स्पिंक्स, त्याच्यावरची माहिती आवडली. पण त्यातलं ‘ज्या बॉक्सरांच्यात दम होता ते सगळे व्यावसायिक झाले’ हे काही पटत नाही. त्याच 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डिक मॅकटॅगर्टने लाइटवेट गटात सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतल्या सर्वांत शैलीदार बॉक्सरला मिळणारा वॅल बार्कर करंडकही त्यालाच मिळाला. डावखुरा, पायांनी अतिशय चपळ. तेव्हा तो ब्रिटिश हवाई दलात होता, तेही स्वयंपाकी म्हणून!

व्यावसायिक व्हायला तो कधीच तयार झाला नाही. स्पिंक्सने तो रस्ता धरला, यानं नाही. त्याच्या नावावर 634 लढती आणि 610 विजय सांगतात. 1958 साली कार्डिफला राष्ट्रकुल सुवर्ण, 1961 साली बेलग्रेडला युरोपियन विजेतेपद.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते मात्र त्याचे ऑलिंपिकमधले पराभव. 1960 साली रोममध्ये उपांत्य फेरीत तो पोलंडच्या काझिमिएश पाझ्जोरकडून हरला आणि कांस्यावर थांबला. पाझ्जोरने पुढे सुवर्ण नेलं. 1964 साली टोकियोत वरच्या वजनगटात त्याला येझी कुलेयने हरवलं. तोही पोलंडचाच, आणि सुवर्णही त्यालाच. म्हणजे तीन ऑलिंपिकमध्ये त्याला हरवणारे दोघेच, आणि दोघेही त्या-त्या वर्षीचे विजेते. याला दम नाही तर काय म्हणायचं? पुढे स्कॉटलंडच्या हौशी बॉक्सरांना त्यानं प्रशिक्षणही दिलं.